बंद करून राहिलो

माझ्या बायोडेटात अनुभवाच्या रकान्यात सगळ्यात खाली एक ओळ आहे. 'नागपुरातील एका छोट्या कूलर व्यवसायाला ऑनलाइन ओळख मिळवून दिली.' ओळ खरी आहे. मुलाखत घेणारे ती वाचून मान डोलावतात, कधी एखादा प्रश्न विचारतात, आणि मी पाठ केलेलं उत्तर देते. तो व्यवसाय माझ्या सख्ख्या मामांचा होता आणि तो माझ्यामुळे बुडाला, हे मी आजवर एकाही मुलाखतीत सांगितलेलं नाही. मुलाखतीचं सोडा, घरीही सांगितलेलं नाही.

मामा आईचे धाकटे भाऊ, मूळचे उमरेडचे. आजोबांचा हातमाग होता. तो मामांच्या लहानपणीच थांबला आणि मामा नागपूरला येऊन कूलरच्या कामाला लागले. नागपूरच्या नंदनवन भागात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एका घराची पुढची खोली, तिला शटर लावलेलं. कूलरच्या तिन्ही बाजूंना ताट्या असतात, त्यांच्यावरून पाणी झिरपतं आणि बाहेरची झळ गार होऊन आत येते. त्या ताट्या दरवर्षी बदलाव्या लागतात. बाजारात तयार मिळतात, पण मामा वाळ्याच्या मुळ्या आणून स्वतः बांधायचे. मुळ्या झटकायच्या, सारख्या करायच्या, कामट्यांत घट्ट आवळायच्या. दुकानात पाऊल टाकलं की ओल्या वाळ्याचा वास यायचा. होळी झाली की त्यांचा मोसम सुरू व्हायचा आणि जूनपर्यंत त्यांना जेवायला फुरसत नसायची. उरलेलं वर्ष पंखे आणि मोटरी दुरुस्त करण्यात जायचं. लग्न केलं नव्हतं. जेवायला आमच्याकडेच असायचे.

मोसमात सकाळी सातलाच ते फेरीला निघायचे. सायकलच्या कॅरिअरवर ताट्यांची चळत, हँडलला अवजारांची पिशवी. नंदनवन करून पार मनीषनगरपर्यंत जायचे. त्यांची हाळी ठरलेली होती. "ताटीवाऽऽला! वाळ्याची ताटी लावून घ्या बाप्पाऽऽ!" त्यातलं शेवटचं 'बाप्पा' ते असं लांबवायचे की तिसऱ्या मजल्यावरची बाई हातातली पोळी तव्यावर टाकून गॅलरीत यायची. लहानपणी मला त्या हाळीचा फार अभिमान होता. शाळेत मी तिची नक्कल करून दाखवायचे.

मी बी.कॉम. झाले आणि दोन वर्षं बँकेच्या परीक्षा देत बसले. दरवेळी थोडक्यात हुकायचं. घरात कुणी बोललं नाही, पण मी खोलीतून बाहेर आले की टीव्हीचा आवाज कमी व्हायचा, ते मला बोलण्याहून जास्त लागायचं. मग एका मैत्रिणीनं मनीषनगरच्या एका क्लासबद्दल सांगितलं. तीन महिन्यांत डिजिटल मार्केटिंग. एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर बारा खुर्च्या, एक पडदा आणि एक सर. सर हुशार होते, मी त्यांना नाव ठेवणार नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'ग्राहकाच्या भाषेत बोला.' आम्ही वहीत उतरवून घेतलं. आणि त्याच तासाला एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, मी साड्यांच्या दुकानाचं पेज बनवून राहिली," तर सर म्हणाले, "बनवते आहे. बनवते आहे म्हण. तुमचे क्लाएंट पुण्या-मुंबईचे असणार आहेत. असं बोललात तर कोण काम देईल?"

मी ते मनावर घेतलं. मला कुठलीही गोष्ट मनावर घ्यायची भारी हौस. आरशापुढे उभी राहून मी 'मले'चं 'मला' केलं, 'काहून'चं 'का' केलं. घरी जेवताना मी आईला म्हटलं, "आई, मला थोडी भाजी देतेस का?" आई पळी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुले काय झालं वं? घरात बातम्या काहून देऊन राहिली?" मामा हसून हसून खोकले. मीही हसले, पण मागे हटले नाही.

क्लासच्या दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत आम्ही तिघी बेकरीसमोर उभ्या होतो. दुरून हाळी ऐकू आली. मामा सायकल ढकलत येत होते, डोक्याला दुपट्टा बांधलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. मला बघताच त्यांचा चेहरा खुलला. रस्त्याच्या पलीकडूनच ओरडले, "काय वं पोट्टी! शिकून राहिली का?" माझ्याबरोबरच्या दोघी हसल्या. वाईट मनानं नाही, हसू आलं म्हणून हसल्या. एकीनं विचारलं, "कोण गं?" मी म्हटलं, "आमच्या ओळखीचे आहेत. कूलरवाले." मामांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी हात हलवला आणि पुढे गेले. पुढच्या गल्लीतून पुन्हा हाळी आली, तशीच लांब.

क्लास संपल्यावर दीड महिन्यात मला त्याच कामाच्या एका कंपनीत नोकरी लागली. मुख्य ऑफिस पुण्यात, आणि इकडचं ऑफिस म्हणजे मनीषनगरच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही चौघं. मुलाखत स्क्रीनवरच झाली. पुण्याच्या मॅडम शेवटी म्हणाल्या, "तू नागपूरची वाटत नाहीस हं!" मी आठ दिवस हवेत होते. कुणी मला सुंदर म्हटलं असतं तरी एवढा आनंद झाला नसता. आज ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

तिथे एक पद्धत होती. नव्या माणसानं एक छोटा धंदा शोधून आणायचा आणि त्याच्यावर हात साफ करायचा. त्या धंद्याचं सगळं काम फुकट. मोबाइलच्या नकाशावर त्याचं दुकान दिसलं पाहिजे, फोटो पाहिजेत, लोकांचे अभिप्राय पाहिजेत, नंबर दाबला की फोन लागला पाहिजे. पुढचा मोसम तोंडावर आला तेव्हा मी मामांचं दुकान घेतलं. फॉर्मवर 'तुमचं नातं' असा रकाना होता. मी तिथे 'परिचित' असं लिहिलं.

मामांना पटवायला वेळ लागला. "लोकं मले आवाजानं ओयखते वं," ते म्हणायचे. "फोटो पाहून कोन येईन?" पण माझ्यासाठी ते तयार झाले. मी दोन दिवस दुकानात बसून फोटो काढले. वाळा आवळणारे त्यांचे हात, पाणी मारलेली ताटी, शटरसमोर उभे असलेले मामा. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. फोटोत त्यांनी श्वास रोखून धरलाय, ते दिसतं.

आणि फोन यायला लागले. पहिल्या आठवड्यात दोन, मग रोज चार-पाच. मनीषनगरच्या एका नव्या इमारतीत नवव्या मजल्यावरून फोन आला तेव्हा मामा आमच्याकडे पेढे घेऊन आले. गल्लीत प्रत्येकाला सांगायचे, "माह्या भाचीनं मले नकाशावर लावलं." किराणावाल्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, उमरेडच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगितलं. माझ्या आयुष्यात माझं एवढं कौतुक आधी कुणी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही.

मग मी ते केलं, जे करायला मला कुणीही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "मामा, आता फेरी बंद करा. तुम्ही रस्त्यावर असता आणि इकडे फोन वाजतो. आणि ते ओरडत फिरणं आता बरं दिसत नाही. आपली इमेज तयार होतेय." कारणं दोन सांगितली, पण पहिलं खरं नव्हतं. फोन त्यांच्या खिशात असायचा, ते सायकल थांबवून उचलायचे. मला ती हाळी माझ्या ऑफिसच्या गल्लीत नको होती. एवढंच होतं. इमेज वगैरे शब्द मी वरून शिंपडले.

मामा दोन दिवस तरी फेरीला गेलेच. त्यांच्यासाठी हा खेळ नव्हता. दोन-तीन वर्षं धंदा घसरत चालला होता, घरोघरी एसी लागत होते. उमरेडचाच एक ओळखीचा माणूस मनीषनगरच्या एका मोठ्या सोसायटीत चौकीदारांचा मुकादम होता, आणि तो मामांच्या मागे लागला होता की गेटवर ये, सावलीत खुर्ची आहे. मामांचं एकच म्हणणं, "मले कोनाच्या गेटवर बसाचं नाई. हा मोसम चांगला गेला तं दुकान ठेवतो, नाई तं पाहू." हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "तू म्हनतं तं फेरी बंद करतो. पन पाह्यजो, मोसम गेला तं वर्ष गेलं." आणि सायकल दुकानाच्या मागे लावून टाकली.

आता त्यांचं सगळं त्या फोनवर होतं.

मी त्यांना एक काम लावून दिलं होतं. दुकान कधी उघडं, कधी बंद हे नकाशावर बरोबर दिसायला हवं, म्हणून त्यांनी उघडताना आणि बंद करताना आवाजातला निरोप पाठवायचा. तो निरोप आमच्या ऑफिसच्या एका नंबरवर जायचा. नकाशावरच्या वेळा बघणारी मुलगी पुण्यात बसायची. माझ्याच वयाची, स्वभावानं चांगली. सुरुवातीला मी मामांचे निरोप ऐकून तिला लिहून द्यायचे. नंतर मला एका बिल्डरचं मोठं काम मिळालं. मी म्हटलं, आता तूच ऐकत जा.

त्याच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. आमच्याकडे त्या दिवसांत दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. एक वाजता दुकानं बंद होतात, पाचला उघडतात. त्या दिवशी आमची स्क्रीनवरची मीटिंग चालू होती, पुण्याचे सात-आठ जण आणि इकडचे आम्ही. ती मुलगी म्हणाली, "एक मिनिट, या कूलरवाल्या काकांचा मेसेज आलाय, मला काही कळत नाहीये. सगळे ऐका." आणि तिनं तो सगळ्यांना ऐकवला.

"बाई, मी दुकान बंद करून राहिलो वं. ऊन लय होऊन राहिलं. आता ऊन उतरल्यावरच खोलतो."

आमच्याकडे 'करून राहिलो' म्हणजे करतोय. आत्ता, या घटकेला करतोय. आणि ऊन उतरतं ते रोज संध्याकाळी. नंदनवनातल्या पाच वर्षांच्या पोराला हे कळलं असतं. मामा सांगत होते की शटर ओढतोय, जेवायला जातोय, पाचला येतो.

पुण्याला हसू फुटलं. एक जण म्हणाला, "बंद करून कुठे राहिले काका?" दुसरी म्हणाली, "ऊन उतरल्यावर म्हणजे उन्हाळा संपल्यावर? कूलरवाला उन्हाळ्यात दुकान बंद करतो?" कुणीतरी म्हणालं, "चालत नसेल गं. आता कोण लावतं कूलर." आणि मग मॅडमनी मला विचारलं, "तुमच्याकडे असंच बोलतात का?"

मी हसले. हे मला लिहावंच लागेल. मी त्यांच्याबरोबर हसले. म्हटलं, "हो, इकडचे काही लोक बोलतात असं." इकडचे काही लोक! माझी आई, माझे बाबा, मी स्वतः वर्षभरापूर्वीपर्यंत. इथे बसलेल्या आम्हा चौघांपैकी बाकीचे तिघं टेबलाकडे बघत होते. त्यांनाही अर्थ कळला होता, पण क्लाएंट माझा होता.

ती मुलगी म्हणाली, "म्हणजे बंद केलंय ना?"

मला विषय संपवायचा होता. मामांचा आवाज त्या स्पीकरवरून पुन्हा एकदा वाजू नये एवढंच डोक्यात होतं. मी म्हटलं, "हो, बंद केलंय."

एवढंच घडलं. मीटिंग पुढे सरकली, मी बिल्डरच्या कामाचे तक्ते दाखवले, शाबासकी मिळाली. तिनं आपल्या समजुतीप्रमाणे तिचं काम केलं. तिची काही चूक नव्हती. मोसमात बंद झालेलं दुकान, आणि नागपूरची मुलगी 'हो' म्हणतेय. तिनं नकाशावर मामांच्या दुकानापुढे 'कायमचे बंद' अशी खूण केली आणि निरोप ऐकायच्या यादीतून त्यांचं नावही काढलं. मामा रोज शटर उघडताना-लावताना इमानानं निरोप पाठवत राहिले. ते कुणीच ऐकत नव्हतं.

चार-पाच दिवसांनी मामा जेवताना म्हणाले, "बाई, फोन येऊन नाई राहिले वं." मी मोबाइलमध्ये डोकं घालून म्हटलं, "मामा, अल्गोरिदम बदललंय. होईल सुरळीत."

"थो कवा येते?"

"कोण?"

"थोच, तू म्हनतं थो. त्याले सांग ना, मोसम चालू हाय म्हना."

मी ते ऑफिसमध्ये विनोद म्हणून सांगितलं. लोक खूप हसले. एकदा, फक्त एकदा, मी मोबाइलवर त्यांच्या दुकानाचं नाव टाकून बघितलं असतं तर दहा सेकंदांत कळलं असतं. माझं कामच ते होतं. पण बिल्डरचं उद्घाटन होतं, आणि खरं सांगायचं तर मामांचं दुकान मला आता किरकोळ वाटायला लागलं होतं. मामा रोज शटर उघडून, शर्टाला इस्त्री करून, फोन समोर ठेवून बसत होते. मेचे पहिले तीन आठवडे, ज्या दिवसांत त्यांना एरवी पाणी प्यायला वेळ नसायचा, त्या दिवसांत ते बसून होते. आई सांगायची, दुकानात ताट्यांची चळत छतापर्यंत गेली आहे. मी म्हणायचे, येतील गं फोन.

एका रविवारी दुपारी मामा घरी आले. आम्ही जेवत होतो. त्यांनी रुमालात गुंडाळलेला फोन काढून माझ्यासमोर धरला. बाजारात त्यांना मनीषनगरची एक जुनी गिऱ्हाईक बाई भेटली होती. ती म्हणाली, अहो ताटीवाले, तुम्ही तर धंदाच सोडला, आम्ही दुसऱ्याकडून लावून घेतल्या. मामा म्हणाले, कोन सांगतलं? तिनं मोबाइल दाखवला. "हे लाल अक्षरात काय लिहून हाय वं?" मामांनी मला विचारलं. त्यांना वाचता येत होतं. त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

मी वाचलं. 

"कायमचं बंद?" मामा म्हणाले आणि हसले. "म्या मेलो का काय बाप्पा? मले कोनी सांगतलंच नाई."

मी तिथल्या तिथे पुण्याला फोन लावला, उठून आत जाऊन. ती मुलगी घाबरली. म्हणाली, "अगं, पण तूच म्हणालीस ना, बंद केलंय?" मी म्हटलं, "ती खूण आधी काढ." तीच मला चार वेळा सॉरी म्हणाली. तिनं खूण काढली, पण नकाशावर तो बदल मान्य व्हायला पुढे कितीतरी दिवस गेले. तोवर लोकांच्या घरी ताट्या लागून झाल्या होत्या. आता कुणाला हव्या होत्या?

मी बाहेर आले. मामा पाटावर बसून होते. त्यांनी विचारलं, "कोनं केलं हे?"

सांगायला फार शब्द लागले नसते. मी केलं, एवढे दोनच. मामांनी मला मारलं नसतं, ओरडलेही नसते. पण मी म्हटलं, "मामा, कुणी केलं नाही. ते मशीन असतं. मशीनला आपली बोली कळत नाही. तुम्ही 'बंद करून राहिलो' म्हणालात ना, त्याला वाटलं कायमचंच बंद केलं."

मामा हळूच म्हणाले, "म्हन्जे माह्यंच चुकलं."

आणि आई, जिला यातलं काहीही माहीत नव्हतं, ती त्यांच्या ताटात भात वाढत म्हणाली, "तुले अक्कलच नाई. पोरगी एवढी मेहनत घेऊन राहिली तुह्यासाठी, तं नीट बोलाचं न."

मामांनी मान हलवली. मी जेवत राहिले. ताटातलं सगळं संपवलं.

मामांनी दोन दिवस पुन्हा फेरी काढून पाहिली. मी लपून ऐकत होते. सायकल आमच्या गल्लीतून गेली, पण हाळी आली नाही. ते घराघरासमोर थांबून, खाली उतरून, दाराची कडी वाजवत होते. आईनं विचारलं तर म्हणाले, "लाज वाटते आता, ताई. ओरडत फिरणं बरं नाई दिसत, भाची म्हनते थे खरं हाय." माझ्या शिकवणीपैकी जेवढं त्यांच्या अंगात उतरलं, ते हे.

दिवाळीच्या आधी त्यांनी दुकानाची खोली सोडली. उरलेल्या ताट्या कुणाकुणाला देऊन टाकल्या, एक आमच्या कूलरला लावली. आणि मनीषनगरच्या त्या सोसायटीच्या गेटवर निळा गणवेश घालून बसायला लागले. लोक म्हणतात, एसीच्या जमान्यात ते दुकान आज ना उद्या जाणारच होतं. बाबाही असंच म्हणतात. असेल. पण ते त्या उन्हाळ्यात जाणार नव्हतं. त्या उन्हाळ्यात रोज चार-पाच फोन येत होते. ते मी मोजलेले होते, माझ्या अहवालात तो आलेख होता.

मी पुढे गेले. दोन नोकऱ्या बदलल्या. आता माझ्या हाताखाली सहा जण आहेत, आणि गंमत म्हणजे हल्ली कंपन्यांना गावोगावची बोली हवी असते. मागच्या वर्षी एका तेलाच्या जाहिरातीसाठी मला सांगण्यात आलं, 'अस्सल वऱ्हाडी टच' पाहिजे. मी अर्ध्या तासात लिहून दिलं. सगळ्यांना आवडलं. 'काहून' या शब्दावर तर आताच्या ऑफिसातल्या मॅडम खूश झाल्या. त्या दिवशी मी गाडी मामांच्या सोसायटीवरून न नेता लांबच्या रस्त्यानं घरी नेली.

मामा समोर भेटले की अजून पूर्वीसारखेच आहेत. "काय वं पोट्टी, वाळून राहिली," म्हणतात, चहा पाजतात. पण फोनवर नाही. फोनवर ते वेगळंच बोलतात. प्रत्येक शब्द सुटा करून, सावकाश, शाळेत धडा वाचतात तसे. गेटवरच्या इंटरकॉमवर म्हणतात, "नमस्कार. आपल्याकडे पाहुणे आले आहेत. त्यांना आत सोडू का?" सोसायटीवाले त्यांचं कौतुक करतात. आईला वाटतं, नोकरीमुळे लागलेली सवय आहे. ती सवय कुठून लागली हे मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात मी ठरवलं, सांगून टाकायचं. समोरासमोर जमलं नसतं म्हणून फोन लावला. दुपारची वेळ होती.

"हॅलो मामा."

"बोल. मी ऐकत आहे."

"मामा, ते दुकानाचं झालं होतं ना, नकाशावर बंद लिहून आलं होतं..."

"हो. मला आठवत आहे."

"ती चूक तुमची नव्हती, मामा."

पलीकडे गेट सरकवल्याचा आवाज आला, एक गाडी आत गेली. मला वाटलं, आता ते विचारतील, मग कोणाची? मी तयार होते. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला अजूनही वाटतं.

"नाही बाळा," मामा म्हणाले, एकेक शब्द तोलून. "चूक माझीच होती. तू वाईट वाटून घेऊ नकोस. मला तेव्हा बोलता येत नव्हतं." मग आवाज खाली आणून, आपल्याच अभ्यासाबद्दल विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आता मी नीट बोलत आहे ना?"

"छान बोलता मामा," मी म्हटलं.